जिन्याखालचा लाल ठिपका: वीजमीटरला आपल्या घरातलं किती कळतं?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आम्ही राहतो त्या घराच्या जिन्याखाली पाच मीटर आहेत. लाकडी फळीवर ओळीनं बसवलेले, वर कोळिष्टकं, खाली कुणाची तरी मोडकी सायकल. मध्यंतरी जुने मीटर काढून तिथे टीओडी मीटर (टाइम ऑफ डे, म्हणजे कुठल्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारे) लावले, ज्यांना लोक सरसकट 'स्मार्ट मीटर' म्हणतात. दुसऱ्याच दिवशी घरमालकीण काकूंनी मला जिन्यात गाठलं. मी कॉम्प्युटरवर काहीतरी करतो एवढंच त्यांना माहीत. त्यामुळे गिझरपासून आधार कार्डापर्यंतच्या सगळ्या शंका माझ्याकडेच येतात.

"काय वो, ह्यो मीटर आपलं बोलणं ऐकतो म्हणं?"

म्हटलं, नाही ऐकत.

"मग बघतो?"

बघतही नाही. त्यात माईक नाही, कॅमेरा नाही.

"मग लोक एवढं बोंबलत्यात कशाला?"

हा प्रश्न मात्र नेमका होता. मीटर ऐकत नाही, बघत नाही, पण मोजतो. आणि मोजण्यातून माणूस किती उघडा पडतो हे तोंडी सांगून पटत नाही. म्हणून मी काकूंना तिथेच मीटरसमोर उभं केलं.

मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. तो अधूनमधून लुकलुकतो, तिकडे सहसा कुणी बघत नाही. आमच्या मीटरच्या पाटीवर ३२०० हा आकडा छापलाय. त्याचा अर्थ असा की तो ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. मी वर गेलो, घरातलं सगळं बंद केलं, फक्त फ्रिज चालू ठेवला आणि जिन्यातून ओरडलो, "मोजा!" मिनिटभरात काकूंनी पाच मोजले. म्हणजे साधारण १०० वॅट. मग मिक्सर लावला. बत्तीसच्या आसपास आकडा आला, शिवाय फ्रिजचे पाच. मग गिझर. खालून आवाज आला, "आता मोजायला येईना, पळायलाय नुसता!" २००० वॅटचा गिझर मिनिटाला शंभरावर ठिपके मारतो, सेकंदाला जवळजवळ दोन.

चौथ्या खेपेला मी काही न सांगता बटण दाबलं. खालून लगेच, "गिझर!"

काकू सातवी शिकलेल्या आहेत. त्यांना माझ्या घरात न डोकावता, फक्त एका ठिपक्याकडे बघून, आत काय चाललंय ते कळलं. या लेखात पुढे जे काही आहे ते याच खेळाचं मोठं रूप आहे. फक्त ठिपके मोजायला काकूंच्या जागी कॉम्प्युटर, आणि एका घराऐवजी लाखो घरं.

जुना मीटरही मोजायचाच. त्यात ॲल्युमिनियमची चकती फिरायची, पुढे दिवा आला. फरक वाचण्यात पडलाय. पूर्वी महिन्यातून एकदा माणूस यायचा, आकडा टिपायचा, जायचा. महिन्याला एक आकडा. ९६ युनिट म्हणजे ९६ युनिट. त्यावरून फार तर घर मोठं की लहान, एसी आहे की नाही एवढं ताडता यायचं. नवा मीटर साधारण अर्ध्या तासाला, काही ठिकाणी पंधरा मिनिटांना, एक नोंद करतो आणि मोबाईलसारख्या जाळ्यावरून ती पाठवतो. अर्ध्या तासाचा हिशेब धरला तर दिवसाला ४८ आकडे, तीस दिवसांच्या महिन्याला १,४४०, वर्षाला १७,५२०.

एका आकड्याचं बिल होतं. १७,५२० आकड्यांची रोजनिशी होते.

माझ्याच घराचे आकडे बघा. सकाळी सहाला एक उंच शिखर, म्हणजे गिझर. साडेनऊनंतर रेघ आडवी, फक्त फ्रिजची चढउतार, म्हणजे घरात कुणी नाही. संध्याकाळी सातला पुन्हा चढ. अकराला उतार. चार दिवस सलग आडवी रेघ असली तर आम्ही गावाला गेलो. पहाटे दोन-तीनला रोज थोडी थोडी वीज वापरली जायला लागली तर घरात तान्हं बाळ आलंय किंवा कुणी आजारी आहे. दिवसा झोपलेलं आणि रात्री जागं घर असलं तर माणूस रात्रपाळीला आहे, आमच्याकडे म्हणजे बहुधा शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. वर्षातला एकच महिना पहाटे चारला उजाडणारं घर असलं तर ते रमजान पाळतं. यातलं काहीच कुणी कुणाला सांगितलेलं नसतं.

इथे थोडं भान ठेवायला हवं, कारण मीटरविषयी अफवाही भरपूर आहेत. अर्ध्या तासाच्या नोंदीतून तुम्ही चटणी वाटली की खोबरं, हे कळत नाही. मिक्सर दोन मिनिटं चालतो आणि अर्ध्या तासाच्या बेरजेत विरघळून जातो. नोंदी जितक्या दाट, तितकं चित्र स्वच्छ. महिन्याची नोंद धुकं, अर्ध्या तासाची नोंद दाराबाहेरून दिसणारी सावली, आणि सेकंदासेकंदाची नोंद म्हणजे उघडी खिडकी. जर्मनीत म्युन्स्टरच्या संशोधकांनी २०११ च्या सुमारास दर दोन सेकंदांना नोंद करणाऱ्या एका मीटरवर प्रयोग केला. टीव्हीवर उजेडाचं दृश्य आलं की वीज किंचित जास्त, अंधाराचं आलं की कमी. त्या चढउतारावरून टीव्हीवर कुठला चित्रपट लागलाय हे त्यांना ओळखता आलं. आपल्या जिन्याखालचा मीटर एवढ्या दाट नोंदी पाठवत नाही. तो किती दाट पाठवतो हे मात्र कुणाच्या तरी ऑफिसातून ठरतं, आणि ते बदलायला तुमच्या दारात कुणी यावं लागत नाही.

या विद्येचा जन्म होऊन चाळीसेक वर्षं झाली. अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट हे संशोधक १९८० च्या दशकात घराच्या एकाच तारेवरची वीज मोजून आतली उपकरणं वेगळी ओळखायची पद्धत बसवत होते. फ्रिज, हीटर, पंप, प्रत्येकाची चालू-बंद व्हायची आपली एक तऱ्हा असते. मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट वीज ओढते, गिझर शांतपणे एकदम वर जातो. हार्ट यांना गंमत नाही, तर काळजी वाटली. १९८९ मध्ये त्यांनी स्वतःच लेख लिहून सांगितलं की ही युक्ती पाळत ठेवायला वापरली जाऊ शकते. स्मार्ट मीटर घरोघरी पोचायच्या कितीतरी आधी! शोध लावणाऱ्यानंच आधी घंटा वाजवल्याची उदाहरणं फार नसतात, म्हणून मला हा माणूस आवडतो.

आता यात एआय कुठे येतं? त्यासाठी जुलै महिन्यातलं कोल्हापूर आठवा.

पाऊस धरला की इथला प्रत्येक माणूस अंदाज बांधायला लागतो. गगनबावड्याला किती पडला, राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आहे. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. 'सकाळपर्यंत दोन फूट चढतंय बघ,' असं कट्ट्यावरचा म्हातारा सांगतो आणि बऱ्याचदा खरं ठरतं. त्याला कुठलं सूत्र येत नाही. त्यानं पन्नास पावसाळे बघितलेत. असा पाऊस, एवढे दरवाजे, मग तसं पाणी, ही जोडी त्याच्या डोक्यात पन्नास वेळा बसलीय.

एआय म्हणतात ते बहुतांशी याच म्हाताऱ्यासारखं शिकतं. त्याला लाखो घरांच्या नोंदी आणि त्या वेळी आत काय चालू होतं याची उत्तरं एकत्र दाखवतात. मग उत्तर झाकून नुसती नोंद दाखवली तरी ते सांगतं की हा एसी, ही मोटर, हे रिकामं घर. त्याच्याकडे पन्नास पावसाळ्यांऐवजी पन्नास लाख असतात आणि ते विसरत नाही, एवढाच काय तो फरक. खोटही तीच. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा भल्याभल्यांचे अंदाज कोलमडले, कारण तसं पाणी त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. एआयही न पाहिलेल्या गोष्टीपुढे तेवढ्याच आत्मविश्वासानं चुकतं. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हवेची गादी रात्रंदिवस चालू असते. त्या घराची रेघ त्याला संशयास्पद वाटू शकते, आणि दारात वीजचोरी तपासायला माणूस उभा राहू शकतो.

हे सगळं ऐकल्यावर काकूंचा निकाल तयार होता. "काढून टाका की मग. पयलाच बरा होता."

इथे मी काकूंशी सहमत नाही, आणि त्याचं कारण आपल्या डोक्यावर तळपतंय.

विजेचा एक विचित्र स्वभाव आहे. ती साठवायला महाग पडते, त्यामुळे ज्या क्षणी जेवढी वापरली जाते त्याच क्षणी तेवढीच तयार व्हावी लागते. गुजरीतल्या सोनाराचा काटा बघा. एका पारड्यात देशभरातली निर्मिती, दुसऱ्यात देशभरातला वापर, आणि काटा सतत मध्ये. विजेच्या बाबतीत हा काटा म्हणजे वारंवारता, सेकंदाला ५० आवर्तनं. वापर वाढला आणि निर्मिती कमी पडली की आकडा ५० च्या खाली घसरतो, उलट झालं की वर जातो. आपल्याकडे तो ४९.९० ते ५०.०५ यांच्यात ठेवायचा नियम आहे. म्हणजे सोनारापेक्षाही कडक. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला हा तोल गेला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातल्या जवळपास साठ कोटी लोकांच्या भागात अंधार झाला. पश्चिम भाग वेगळा पडून तगला म्हणून आपल्याला ती बातमी टीव्हीवर बघता आली.

कोळशाच्या केंद्राला 'वाढव', 'कमी कर' असं सांगता येतं. सूर्याला सांगता येत नाही. आणि भारतात सौर वीज आता किरकोळ राहिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिची क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचं लक्ष्य एक कोटी घरांच्या छपरांचं आहे. दुपारी बाराला छपरंच छपरं वीज ओततात, तेव्हा घरं रिकामी असतात. संध्याकाळी सातला सूर्य गेलेला असतो आणि घराघरात दिवे, टीव्ही, एसी, इंडक्शन सगळं एकदम लागतं. मध्येच सह्याद्रीवरून ढग आला की दहा मिनिटांत अख्ख्या उपनगराची निर्मिती खाली.

गल्लीत तर आणखी वेगळाच पेच आहे. आपल्या डीपीपासून, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपासून, घरापर्यंतची तार एकाच दिशेनं वीज न्यायला टाकलेली. आता भर उन्हात दहा घरं उलटी वीज पाठवायला लागली की गल्लीतलं व्होल्टेज चढतं. ते मर्यादेबाहेर गेलं की घरातला सोलर इन्व्हर्टर सुरक्षिततेसाठी स्वतःच बंद पडतो. मग मालक म्हणतो, 'ऊन असताना पॅनल बंद कसं?' कुठल्या डीपीवर दुपारी किती वीज उलटी येते हे माहीत असल्याशिवाय तिथला ट्रान्सफॉर्मर बदलायचा की नाही हे ठरवता येत नाही. महिन्याच्या एका आकड्यावरून ते कधीच कळणार नाही.

दुसरा उपाय म्हणजे वापरच दुपारकडे सरकवायचा. शेतीत हे आपण पाहिलंय. उसाला पाणी पाजायला रात्री एकला बॅटरी घेऊन बांधावरून जायचं, पायाखाली काय आहे याचा नेम नाही. दिवसा वीज द्या म्हणून इथे आंदोलनं झाली ती उगाच नाही. शेतीच्या वाहिन्या सौर विजेवर घ्यायची राज्याची योजना आहे, तिचा गाभा हाच: ऊन दिवसा, तर मोटरही दिवसा. घरांसाठी तेच काम दर करतात. २०२३ मध्ये केंद्रानं ग्राहक हक्क नियमांत बदल करून उन्हाच्या तासांत वीज १० ते २० टक्के स्वस्त ठेवायची वाट घातली. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. कुठली वीज दुपारची आणि कुठली रात्रीची हे कळल्याशिवाय ही सवलत देता येत नाही. तेवढ्यासाठी तरी मीटरला घड्याळ हवंच.

(उद्याचं ऊन किती, मागणी किती, याचा अंदाज आता एआय बांधतं. आणि एआय चालवणारी डेटा सेंटरं स्वतःही वीज खातात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानं २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या वापराच्या दीड टक्का. वीज वाचवायला ठेवलेल्या जावयाची भूक मोठी आहे. पण तो विषय वेगळा.)

तर ग्रिडला, म्हणजे विजेच्या एकूण जाळ्याला, माहिती हवी, आणि आपल्याला घराचं दार लावून घ्यायचंय. दोन्ही एकदम जमतं का? माझं म्हणणं असं की जमतं, आणि कसं ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सकाळी सहाला बघायला मिळतं.

दूध संस्थेत जाऊन उभे राहा. एकेक जण किटली घेऊन येतो, दूध मोजलं जातं, फॅट लागते, पावती मिळते. कुणाचं चार लिटर, कुणाचं दोन, कुणाचं सहा. हे घराघराचं मोजमाप कशासाठी? दहा दिवसांचं बिल करण्यासाठी. तेवढंच. मग टँकर येतो. टँकरवाल्याला कुणाच्या म्हशीनं किती दिलं याच्याशी घेणं नाही. आज या गावातून एकूण किती निघालं आणि उद्या किती निघेल, यावर त्याची फेरी ठरते. घराचा आकडा बिलाला, गावाची बेरीज टँकरला.

संस्थेची वही कुणी नीट चाळली तर त्यातूनही रोजनिशी निघते. कुणाची म्हैस आटली, कुणी म्हैस विकली, म्हणजे कुणाला पैशाची नड आहे, कुणाकडे पाहुणे आले म्हणून दूध घरीच ठेवलं. 'गावात हे सगळ्यांना माहीतच असतं,' असं कुणी म्हणेल. असतं. पण ती वही संस्थेच्या कपाटात असते, सचिवाला तुम्ही नावानं ओळखता, आणि त्यानं चहाटळपणा केला तर चावडीवर त्याला जाब विचारता येतो. तीच वही परक्या शहरातल्या सर्व्हरवर गेली आणि म्हशीच्या विमा एजंटाला, सावकाराला, खाद्य विकणाऱ्याला वाचायला मिळाली तर?

विजेचंही असंच उलगडतं. बिलाला १,४४० आकडे लागत नाहीत. दुपारचे युनिट किती, संध्याकाळचे किती, बाकीचे किती, अशा दोन-चार बेरजा पुरतात आणि त्या मीटरला स्वतःच्या पोटात करता येतात. ग्रिडला तुमचं घर लागत नाही, डीपीची बेरीज लागते, आणि डीपीवर स्वतंत्र मीटर बसवता येतो. सगळी रोजनिशी घरोघर गोळा करून एका जागी साठवायची, हे ना बिलाला हवंय ना सूर्याला. ज्याला ती हवीय त्याचं कारण तिसरंच असतं, आणि ते त्यानं उघड सांगायला हवं. बिलावरून भांडण झालं तर काय, असं कोणी विचारेल. तर रोजनिशी मीटरमध्येच राहू दे. भांडण झालं की दोघांसमोर उघडायची.

याहून चतुर एक युक्ती आहे, आणि ती गणिताची असूनही तीन घरांत समजते. समजा तीन घरांचा अर्ध्या तासाचा वापर ४, २ आणि ६ आहे. बेरीज १२. आता कुणालाही आपला खरा आकडा सांगायचा नाही, तरी बेरीज मात्र बरोबर कळवायची. पहिल्या आणि दुसऱ्या घरानं आपसात एक गुपित आकडा ठरवला, ५. पहिलं तो मिळवणार, दुसरं वजा करणार. दुसऱ्या-तिसऱ्यानं ठरवला ३: दुसरं मिळवणार, तिसरं वजा करणार. तिसऱ्या-पहिल्यानं ठरवला २: तिसरं मिळवणार, पहिलं वजा करणार. आता पहिलं घर सांगतं ४ अधिक ५ वजा २, म्हणजे ७. दुसरं सांगतं २ वजा ५ अधिक ३, म्हणजे ०. तिसरं सांगतं ६ वजा ३ अधिक २, म्हणजे ५. सात, शून्य, पाच. एकही आकडा खरा नाही. बेरीज करा: १२.

हे मी काकूंना कागदावर करून दाखवलं तेव्हा त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः पुन्हा बेरीज केली आणि म्हणाल्या, "भिशीत चालंल की हे." खरंच चालेल. मीटर आपसात असे गुपित आकडे आपोआप ठरवू शकतात, रोज बदलू शकतात. मर्यादा एकच: घरं पुरेशी हवीत. गल्लीत दोनच घरं असतील तर एकाला स्वतःचा आकडा माहीत असतोच, मग दुसऱ्याचं गुपित उरत नाही.

कायदा यात काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. माहिती गोळा करणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायच्या आहेत. कायद्याचं तत्त्व सरळ आहे: ज्या कामासाठी संमती घेतली त्याला लागेल तेवढीच माहिती घ्या, काम झालं की पुसा. मोडलं तर २५० कोटींपर्यंत दंड. सरकारी यंत्रणांसाठी मात्र सवलतींची दारं बरीच रुंद ठेवली आहेत, आणि मला तिथेच जास्त लक्ष ठेवावंसं वाटतं.

बाहेरच्या देशांत हा वाद आधीच होऊन गेलाय. नेदरलँड्समध्ये स्मार्ट मीटर सक्तीचा करणारं विधेयक २००९ मध्ये वरिष्ठ सभागृहात अडलं, कारण हेच: घरातलं कळतं. पुढे तिथे मीटर नाकारायची किंवा त्याचं दुरून वाचन बंद ठेवायची सोय दिली गेली. अमेरिकेत इलिनॉयमधल्या नेपरव्हिल शहराच्या रहिवाशांनी पंधरा मिनिटांच्या नोंदींविरुद्ध दावा लावला. २०१८ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयानं म्हटलं की अशा नोंदी घेणं ही घराची झडतीच आहे. पण ग्रिड सुधारण्यासाठी असल्यामुळे ती वाजवी आहे. झडती आहे आणि वाजवीही आहे! वकिली वाटेल, पण मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. कोर्टानं कारणाला महत्त्व दिलं. कारण बदललं तर उत्तर बदलू शकतं.

मीटरबद्दल एवढा आरडाओरडा करणारे आपण दुसऱ्या एका डबीकडे साफ दुर्लक्ष करतो. फुलेवाडीत माझ्या मेव्हण्यानं घरावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. स्वच्छ उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास निघतात, बिल जवळजवळ शून्यावर आलंय, मेव्हणा खूश. इन्व्हर्टरला अंगठ्याएवढी एक वायफायची डबी लावलेली असते. ती दर काही मिनिटांना माहिती कंपनीच्या सर्व्हरवर पाठवते आणि तुम्हाला ॲपवर सुंदर आलेख दिसतो. मेव्हण्याचं ॲप चालेना, म्हणून बसवणाऱ्या माणसाला बोलावलं. भला माणूस, लगेच आला. त्यानं आपल्या फोनवर यादी उघडली. त्याच्या सगळ्या ग्राहकांची: नाव, भाग, आत्ता किती वीज बनतेय, आणि ज्यांनी जास्तीचा सेन्सर लावलाय त्यांची वापराची रेघही. बोटानं यादी सरकवता सरकवता तो सहज म्हणाला, "हे साहेब गावाला गेल्यात बघा, चार दिवस लाईन सपाट हाय."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मलाच घाम फुटला. त्या यादीचा पासवर्ड काय होता? एक ते आठ, ओळीनं.

म्हणून तुमच्याकडे सोलर असेल तर आज एवढं करा: ॲपचं खातं तुमच्या नावावर आणि तुमच्या नंबरवर आहे का बघा, पासवर्ड बदला, बसवणाऱ्याला कायमची परवानगी दिली असेल तर काढून घ्या, दुरुस्तीला आला की तेवढ्यापुरती देता येते. घरातलं वायफाय आणि त्या डबीचं वायफाय वेगळं ठेवता आलं तर उत्तम. मीटरच्या बाबतीत तीनच गोष्टी लेखी विचारण्यासारख्या आहेत: नोंद किती मिनिटांनी घेता, किती दिवस ठेवता, आणि तुमच्याखेरीज ती कोण बघतं. एकट्यानं विचारलं तर कागद फाईलला लागतो. पेठेतल्या मंडळानं किंवा सोसायटीनं मिळून विचारलं तर उत्तर यायची शक्यता वाढते. तालमी आणि मंडळं गणपतीपुरतीच कशाला?

काकूंनी आता कपडे धुवायचं मशीन दुपारी बाराला लावायला सुरुवात केलीय, सवलतीसाठी. मीटर काढायचं नाव काढत नाहीत. उलट जिन्याखाली जाता-येता पाचही ठिपक्यांवर त्यांची नजर असते, आणि मोजायची गरजही उरलेली नाही. वेग बघूनच कळतं म्हणतात.

परवा पहाटे मी बॅग घेऊन हळूच जिना उतरत होतो. कुणाची झोप मोडू नये म्हणून दिवाही लावला नव्हता. खालून काकूंचा आवाज आला.

"पाचलाच गिझर लावलासा. पुण्याला निघालासा न्हवं?"

सहाची एसटी होती.